शाल-श्रीफळ राहू द्या, बिदागीचं बोला

नीळदोरी, सेलू

माझं म्हणणं आधी मांडतो, मग खुशाल भांडा. दिव्यांग कलाकाराला मंचावर बोलवायचं तर कुठल्याही गायकाला देता तशी बिदागी द्या. द्यायची नसेल तर बोलवू नका. सत्काराच्या नावाखाली फुकट गाऊन घेणं बंद करा.

मी कोण, तर दोन्ही पाय पोलिओत गेलेला, मातंग वस्तीतला माणूस. धंदा भिंती आणि बोर्ड रंगवायचा. फ्लेक्स आल्यापासून तो अर्धा मेलाय. तीनचाकी सायकल भिंतीला लावायची, नीळ लावलेली दोरी ताणून झटकायची की रेघ पडते, तिच्यावर अक्षरं. माझ्या भिंती लांबून ओळखू येतात, कारण हात पुरतो तिथंच अक्षरं संपतात. वरची ओळ पुतण्या घोडीवर चढून काढतो. जोडीला गाणी लिहितो, म्हणतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो, तो मागत फिरतो म्हणून गावात 'कार्यकर्ता' हे नाव पडलं. नाव पडलं तशी पंचायतीच्या भिंतींची कामं गेली.

1 ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीत सत्काराला बोलावलं होतं. मंचाला पाच पायऱ्या. फळ्या टाकून उतार केला असता तर भागलं असतं. चार पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. एकाचा हात काखेत, एकाचा पँटीच्या पट्ट्यात. सदरा वर सरकला, पोट उघडं पडलं आणि समोर टाळ्या सुरू. अजून मी तोंडही उघडलं नव्हतं. टाळ्या कशाच्या होत्या मग? निवेदक म्हणाला, परिस्थितीवर मात करून. अहो, परिस्थितीवर मी काही मात केलेली नाही. ती घरीच आहे, पत्र्याखाली. त्या रात्री मंडपवाल्याला पैसे मिळाले, साउंडवाल्याला मिळाले, मला शाल. शाली एवढ्या साठल्यात की बायकोनं त्यांची वाकळ शिवली.

फर्माईशही ठरलेली असते. मी पावसावर लिहिलंय, फ्लेक्सवर हात जोडून उभ्या पुढाऱ्यांवर लिहिलंय, मेव्हणीच्या लग्नात झालेल्या गोंधळावर लिहिलंय. ते कुणाला नको. 'तुमच्या जीवनावरचं म्हणा.' सरळ रडवा म्हणा की.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा काढून बघा. कलम 29 मध्ये दिव्यांग कलाकारांना, लेखकांना सुविधा, पाठबळ आणि प्रायोजकत्व द्यायचं म्हणलंय. शालीचा उल्लेख नाही.

आण्णा_अंबडकर

दादा, राग मानू नका, पण मंडळ चालवणाऱ्याची बाजू ऐका. वर्गणी मोंढ्यात दुकानोदुकानी फिरून गोळा होते. भाव पडलेल्या साली शंभराची पावती फाडताना दुकानदार आमच्याकडं असा बघतो की आम्हीच सोयाबीनचा भाव पाडला. साउंडवाला उधार ठेवत नाही म्हणून त्याला द्यावे लागतात. कलाकारांतल्या कुणालाच आमच्याकडं बिदागी नाही. तबल्यावर शाळेतले सर बसतात, तेही फुकट. मग एकट्या तुम्हाला द्या म्हणजे परत वेगळं वागवा असंच झालं ना?

आणि आम्ही बोलावलं नाही तर बोलावतंय कोण? उद्या सरकारी मानधनाला अर्ज कराल तेव्हा पत्रिका, फोटो, कात्रणं लागतील. तुम्ही ज्या शालीला नावं ठेवता तिचाच फोटो तिथं जोडावा लागतो.

फळीच्या उताराचं मात्र पटलं. मंडपवाल्याकडं फळ्या पडून असतात. कुणी मागत नाही म्हणून तो लावत नाही.

नीळदोरी, सेलू

तबलेवाल्या सरांना एक तारखेला पगार आहे आण्णा. त्यांची हौस आणि माझी चूल एका मापानं मोजू नका.

तांबडी_शाई, नांदेड

मी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात आंबेडकरी जलशात कोरसला होतो. 1978 ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा विधिमंडळात ठराव झाला, मराठवाडा पेटला, आमच्या जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. नामविस्तार झाला 1994 च्या 14 जानेवारीला. मधली सोळा वर्षं आम्ही जळालेल्या वस्त्यांतून गायलो. बिदागी मागणार कुणाला? ज्याचं घर राख झालंय त्याला? भाकर आणि ठेचा, झोपायला समाजमंदिर, सकाळी पुढचं गाव. लोककवी वामनदादा कर्डक असेच गावोगाव फिरले.

नीळदोरी, तुमचा राग खरा आहे, उपाय चुकीचा आहे. चळवळीच्या गाण्याला दर लागला की पैसे मोजणाऱ्याचा त्याच्यावर हक्क होतो. हल्ली जयंतीच्या सुपाऱ्या ऐका. तिसऱ्या कडव्यात नगरसेवकाचं नाव आलंच म्हणून समजा. मंडळाला उतार मागा, मान मागा. दरपत्रक लावू नका.

नीळदोरी, सेलू

काका, तुमच्या पिढीमुळं आम्ही मंचापर्यंत आलो, हे मान्य. पण समाजमंदिरापासून पुढच्या गावापर्यंत तुम्ही पायी गेलात. मला गाडी करावी लागते, सोबतीला माणूस लागतो, त्याचा दिवसाचा रोज बुडतो. एसटीत दिव्यांगाला तिकिटात 75 टक्के सवलत आहे, पायरी मात्र पूर्ण उंचीची आहे. म्हणजे फुकट गायला जायचं तरी माझे खिशातले जातात. फुकट गाणं ज्याला परवडतं त्यानंच चळवळीत गावं, असा नियम करायचा का?

आणि नगरसेवकाचं नाव कडव्यात घुसतं ते गायकानं पैसे घेतले म्हणून नव्हे. पैसे देणारा तो एकटाच असतो म्हणून. वस्तीनं घरटी वीस रुपये काढले तर गाणं वस्तीचं राहील.

तांबडी_शाई, नांदेड

वस्तीनं आपणहून वीस काढणं निराळं, गायकानं फोनवर आकडा सांगून येणं निराळं. पहिल्यात मी तुमच्या बाजूला आहे. दुसऱ्यात नाही, आणि होणारही नाही.

सेतूवाली, परभणी

मी दिवसभर अर्जच भरते, म्हणून आकडे सांगते.

संजय गांधी निराधार योजनेचा पगार दिव्यांगांना दीड हजार होता, आता अडीच झालाय. अट कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत, म्हणजे महिन्याला चार हजार आणि वर चिल्लर. नीळदोरी दादा, बिदागी तुम्ही पावती करून खात्यात घ्यायला लागलात आणि जत्रा-जयंतीच्या हंगामात चार कार्यक्रम जास्तीचे मिळाले, तर उत्पन्नाच्या दाखल्यावर काय लिहून येणार? कार्यक्रम पावसाळ्यात बंद पडतात, पगार एकदा बंद पडला की परत चालू करायला वर्ष जातं.

दुसरीकडं राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन. महिना 5 हजार. वय 50 पाहिजे, दिव्यांगांना 40 ला चालतं. कलेत 15 वर्षांचं काम दाखवायचं. पण दुसरी नियमित मासिक पेन्शन घेणारा चालत नाही. म्हणजे निराधार सोडायचं, तेही मानधन मंजूर होईल या भरवशावर. हातावर पोट असलेला माणूस अडीच हजार सोडून पाच हजारांची वाट बघेल का, तुम्हीच सांगा.

आण्णा पुराव्यांचं म्हणतात ते खरं आहे, पण अर्धंच. आमच्याकडं एक मावशी आल्या होत्या, जन्म देवीच्या आराधी मेळ्यात गाण्यात गेलेला. एकही पत्रिका नाही. मेळ्याची कुणी पत्रिका छापतं का? माळ-परडीचा फोटो होता एक, तोही नातीच्या मोबाईलमध्ये, निम्मा कापलेला. ज्यांची कला रात्रीच्या जागरणात, दारोदारी चालते त्यांच्याकडं कागद कुठून यायचा? त्यामुळं कुणी शालीला बोलावलं तर जा, फोटो काढून घ्या, पत्रिकेवर नाव नीट छापलंय का बघा. तत्त्व घरी ठेवा थोडे दिवस.

स्पष्टवक्ता

कडू वाटेल, पण कलेवर पोट भरत नाही. धडधाकट कलाकारांची तीच गत आहे. बीजभांडवल घ्या, झेरॉक्सचं दुकान टाका, संध्याकाळी गाणी म्हणा. कुणाकडं काही मागायला नको.

माजलगावची

संध्याकाळी म्हणं! झेरॉक्सवाल्या भाऊ, तुमची संध्याकाळ रिकामी असंल.

मी ऊसतोडीला कोयत्यावर होते. डाव्या हाताची दोन बोटं फडात गेली. उचल फिटायची होती म्हणून चिंधी बांधून मोळ्या बांधल्या. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईचं लोकं लई कौतुक करतेत, दळता दळता अभंग रचायची म्हणून. तिचं दळण कुणी कमी केलं का? देवाला यावं लागलं जात्याला हात लावायला. माणसातलं कोणी आलं नाही.

आता मी बारशाला, हळदीला गाणी म्हणते. पोरी व्हिडिओ काढून टाकतेत. खाली लोकं लिहितेत, 'किती दुःख भोगलं असंल हो या माउलीनं'. अहो, मी नवरदेवाच्या बापाची टिंगल करायलते त्या गाण्यात!

पण नीळदोरी भाऊ, शालीचं तुमचं मला पटंना. तुम्ही गडीमाणूस, तुम्हाला पाकीट घेता येतं. बाईनं पैसे घेऊन गायलं की घरातनंच सुरू होतं, तमाशाच्या फडावर नाचायला जाती का म्हणून. शाळेत सत्कार झाला, हेडमास्तर बाईंनी शाल घातली, ती मी घरात खुंटीला लावली. त्या दिवसापासून मला गाण्यावरून कोणी बोललं नाही. तुमच्या बायकोनं वाकळ शिवली, माझी शाल मी कुणाला हात लावू देत नाही.

हार्मोनियम_टेम्पो, लातूर

आम्ही चौघं अंध. भाड्याचा टेम्पो, त्याच्यावर साउंड, ज्या गावचा बाजार त्या गावी उभं राहायचं. समोर डबा. डायव्हर तेवढा डोळस, त्याचा वाटा आमच्याइतकाच.

वर भारी भारी चर्चा चाललीय, दया का मान. आता डब्यात दहाची नोट पडली ती गाणं आवडलं म्हणून, का डोळे नाहीत म्हणून? मला कसं दिसणार? रात्री मोजताना बोटाला सगळ्या नोटा सारख्याच लागतात. दयेचा पैसा नको म्हणायला घरात आधी दुसरा पैसा लागतो दादा.

एक मात्र अनुभव सांगतो. सूर सुटला, कीबोर्डवाला झोपेत वाजवायला लागला की डबा हलका होतो. पब्लिक पूर्ण दयेवर नसतं. कान चालू असतेत त्यांचे.

सेतूवाल्या ताई, डब्यातल्या पैशाची पावती नसते, म्हणून आमचं निराधार चालू आहे.

नीळदोरी, सेलू

माजलगावच्या ताई, तुमच्या शालीबद्दल मी शब्द काढत नाही. ती तुम्ही कमावलीय आणि घरात वापरलीय. फक्त शाळेनं तिच्याखाली एक पाकीट ठेवलं असतं तर घरचे अजून गप बसले असते, असं मला वाटतं. कदाचित चुलीपाशी बसून भांडले असते, तेही शक्य आहे, तुमचं घर तुम्हाला माहीत.

लातूरकर, डब्यावर माझा राग नाही. डब्यात निदान पैसे असतात.

सेतूवाल्या ताईंनी जे मांडलं त्यावर मला झोप येणार नाही. म्हणजे सरकार म्हणतं, तू कलाकार आहेस हे कागदानं सिद्ध कर, पण कलेतून कमावलंस हे कागदावर येऊ देऊ नकोस. गरीब राहशील तोवर निराधार, आणि प्रसिद्ध असशील तर मानधन. मधल्या माणसानं काय करायचं? यावर माझं म्हणणं एवढंच की दिव्यांगाच्या उत्पन्नाची ती 50 हजारांची अट वाढवून घ्यायला आपण भांडलं पाहिजे, बिदागी लपवायला नव्हे. मुंबईत दिव्यांग कल्याणाचं वेगळं खातं 2022 पासून आहे. माझं पुढचं निवेदन तिथं, कलाकार म्हणून.

सेतूवाली, परभणी

निवेदन द्या, मीच टाइप करून देते. पण अट वाढेपर्यंत ज्याचा पगार गेला त्याच्या घरी कोण जाणार, तेही निवेदनात लिहा.

आण्णा_अंबडकर

मंडळाच्या बैठकीत पाकिटाचं मांडून बघतो. पोरं तयार होतील, जुने सभासद 'पायंडा पडेल' म्हणतील. अडचण वेगळीच आहे. तुम्ही लोक पावती नको म्हणणार, आणि वर्गणीचा हिशोब मला फळ्यावर लावावा लागतो. 'कलाकार, दोन हजार, सही नाही' असं लिहिलं तर गावात माझीच बिदागी निघेल.

स्पष्टवक्ता

म्हणूनच म्हणलं, झेरॉक्स.

माजलगावची

तुमच्या दुकानात येते एक दिवस, हळदीचं म्हणते तुमच्यावर. फुकट.

हार्मोनियम_टेम्पो, लातूर

नीळदोरी दादा, कामाचं बोलतो. 14 जानेवारीला आम्ही संभाजीनगरला विद्यापीठ गेटकडं टेम्पो लावतो. माणूस मावत नाही एवढी गर्दी असती. नवं गाणं पाहिजे. दुःखाचं नको, उडत्या चालीचं. लिहून द्यायचं काय घेता?

नीळदोरी, सेलू

हजार. अर्धे आधी.

हार्मोनियम_टेम्पो, लातूर

हजार? चळवळीचं गाणं हाय दादा. माइकवर तुमचं नाव सन्मानानं घेऊ की.

नीळदोरी, सेलू

नाव जरूर घ्या. आणि पाचशे पाठवा, मुखडा आज रात्री म्हणून पाठवतो. डायव्हरला त्या दिवशी किती देता तेही कळवा.