मदत हवी आहे: विंडोज ११ टाकावं की १० वरच थांबावं?

मंडळी, सल्ला हवाय. माझा लॅपटॉप विंडोज १० वर अगदी मजेत चालतो. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी. पण १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे थोडक्यात हुकलं! टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे, चालूही आहे, तरी तपासणीत नापास.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदीत) बदल करून ११ टाकता येतं, हे ठाऊक आहे. कोणी तसं वापरतंय का? इन्स्टॉलची धास्ती नाही. पण दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप येतं, की प्रत्येक वेळी हाताने खटपट करावी लागते? ड्रायव्हरचा त्रास?

दुसरा मार्ग ईएसयूचा, म्हणजे विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट. ती नुसती मुदतवाढ, दुखणं तिथंच.

विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं, आवडलंही. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. मिंटच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात) विंडोज चालवायला ८ जीबी पुरतील का?

‘नवा लॅपटॉप घे’ हे उत्तर कृपया नको, ते घरातूनच रोज मिळतंय.