फोन निवडताना तुमचं पारडं कशामुळे झुकलं? (अनुभव धागा)

सायंतारा
काल भाचीचा मेसेज आला. दोन फोनांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून स्क्रीनशॉट काढलेला: प्रोसेसर, रॅम, मेगापिक्सेल, बॅटरी. खाली एकच ओळ, "मावशी, यातला कुठला घेऊ?" तो तक्ता वाचताना बाबांसाठी फोन घेतला तेव्हाचं सगळं आठवलं, म्हणून हा धागा काढतेय.

बाबांना दोन्ही कानांत श्रवणयंत्रं बसली होती. फोन कानाला लावला की यंत्र शिट्टी मारायचं. हळूहळू बाबांनी फोन उचलणंच सोडलं. रिंग वाजली की आईकडे बघायचे. नवा फोन घ्यायचं ठरलं तेव्हा दादा म्हणाला अँड्रॉइडच घेऊ, बाबांच्या हाताला त्याची सवय आहे. मलाही ते पटलं होतं. मग यंत्रं बसवणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी विचारलं, "फोनचा आवाज थेट यंत्रात जायला हवाय का?" आणि सगळी निवड त्या एका प्रश्नावर येऊन ठेपली.

बाबांची यंत्रं आयफोनशी थेट जुळणारी होती. अँड्रॉइडसाठी गूगलने तसा मार्ग २०१८ मध्ये जाहीर केला, पण ठरावीक फोन आणि ठरावीक यंत्र यांची जोडी जमली तरच तो चालायचा. म्हणून बाबांच्या हातात आयफोन आला. पहिला फोन आत्याचा. त्यांनी सवयीने तो कानाशी नेला, मग थबकून खाली घेतला. आवाज दोन्ही कानांत येत होता. बोलायला मात्र माइक फोनचाच, म्हणून फोन तोंडासमोर आडवा धरून बोलत राहिले. पुढे 'लाइव्ह लिसन' सापडलं. फोन टेबलावर बोलणाऱ्या माणसासमोर ठेवायचा आणि आपण लांब बसून यंत्रातून ऐकायचं. बाबा परत चारचौघांत बसायला लागले.

भाचीच्या तक्त्यात असल्या गोष्टीला रकानाच नाही. म्हणून तुम्हाला विचारते, कुठल्या एका गोष्टीसाठी तुम्ही बाकीच्या दहा गोष्टी सोडल्यात? सविस्तर लिहा, तिला वाचायला देणार आहे.

भिंगरी
आकार!!! मला दुसरं काही नको. अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचला पाहिजे, बस. आयफोन १३ मिनी वापरते, ५.४ इंच, १४० ग्रॅम. एका हातात बाळ असताना दुसऱ्या हाताने मेसेज लिहिता येतो. बॅटरी संध्याकाळपर्यंत जेमतेम पुरते, ते मी चालवून घेते. २०२१ चा हा मिनी त्या मापाचा शेवटचा, नंतर त्यांनी काढलाच नाही. हा गेला की काय करायचं हा मोठाच प्रश्न आहे.

जुनाखेळाडू
भिंगरी, पडदा अंगठ्याजवळ आणायची सोय मोठ्या फोनमध्येही असते. आयफोनवर 'रीचेबिलिटी', त्यात पडदा अर्ध्यावर खाली ओढला जातो; सॅमसंगवर 'वन हँडेड मोड', त्यात सगळा पडदा लहान होऊन अंगठ्याजवळ येतो. मनगट दुखायचं तेव्हा मला खूप उपयोग झाला.

भिंगरी
@जुनाखेळाडू माहीत आहे हो, पण वजनाचं काय? झोपून वाचताना नाकावर पडतो तो. आणि बायकांच्या कपड्यांना खिसे कुठे असतात?

नुसतंवाचणारी
खिशांसाठी वेगळा धागा काढा, मी पहिली येईन लिहायला.

काडेपेटी
माझं कारण थोडं वेगळं आहे. लांबेल, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

नवा फोन घेतल्यावर रात्री वाचताना डोळ्यांच्या मागे ओढल्यासारखं व्हायचं, मग डोकं, मग मळमळ. चष्मा तपासला, नंबर तोच. डॉक्टरांनी झोप, पाणी, ताण सगळं विचारून घेतलं. दिवसा उन्हात तोच फोन वापरला तर काही होत नव्हतं. ऑफिसातला एकजण म्हणाला, "पडद्याची उघडझाप बघितलीस का?"

प्रकार असा की बरेच ओएलईडी पडदे (ज्यांत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) उजेड कमी करायला सांगितला की मंद होत नाहीत, भराभर उघडझाप करतात. काही फोनांत सेकंदाला २४० वेळा, काहींत ४८० वेळा. डोळ्याला दिसत नाही, पण काहींना सोसत नाही. उजेड जितका कमी, तितका त्या उघडझापीतला काळोखाचा वेळ जास्त. म्हणून रात्री त्रास आणि दिवसा ठीक. जुन्या फोनचा पडदा एलसीडी होता (मागे एकच दिवा असलेला), त्याच्यावर तासन् तास वाचलं तरी काही नाही.

मग निवड उलटी सुरू झाली. कॅमेरा, वेग सगळं बाजूला आणि पहिला प्रश्न पडदा कुठला. सगळे म्हणत होते की एलसीडी जुना झाला, काळा रंग करडा दिसतो. दिसू दे! बरीच वर्षं आयफोन ११ वापरला, एलसीडीवाला, आणि रात्रीचं वाचन परत सुरू झालं. अलीकडे काही कंपन्या ही उघडझाप हजारांत नेतात. ऑनर ९० मध्ये सेकंदाला ३८४० आहे, सध्या तो वापरतेय आणि डोकं शांत आहे. प्रत्येकाचं सोसणं वेगळं, म्हणून घ्यायच्या आधी कुणाचा तरी तोच फोन मागून अंधाऱ्या खोलीत कमी उजेडावर अर्धा तास वाचून बघा.

सायंतारा
काडेपेटी, किती नीट लिहिलंस! हे मला अजिबात माहीत नव्हतं.

ओलीचिंब
अगं माझ्या ताईला अगदी असंच होतं. सगळे तिला "मोबाईल कमी बघ" एवढंच म्हणतात. तिला हे पाठवते आत्ताच.

आवाजी
मी पूर्ण अंध आहे. हा धागाही फोन मला वाचून दाखवतोय.

तुम्ही पडदा बघता, मी कडा चाचपतो. माझ्या एका जुन्या अँड्रॉइड फोनला बोटाच्या ठशाची जागा पाठीवर होती. छोटा गोल खळगा, बोट आपसूक तिथे जायचं. मग ती जागा पडद्याच्या काचेखाली गेली. सपाट काच. बोट कुठे ठेवायचं हे हाताला कळायला काहीच मार्ग नाही! दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की "पुन्हा प्रयत्न करा." त्यामुळे पुढचा फोन घेताना माझी पहिली अट एकच होती: ठशाची जागा बोटांना कळली पाहिजे. बाजूच्या बटणावर ठसा असलेला फोन मिळाला, तो घेतला.

वाचून दाखवणारी सोय दोन्हीकडे २००९ पासून आहे, आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक. मित्रमंडळींत दोन तट आहेत. व्हॉइसओव्हर मला जास्त सफाईदार वाटतं. पण मी टॉकबॅकवरच राहिलो, कारण मागे जायची (बॅक) खूण कुठल्याही अ‍ॅपमध्ये तीच असते, शोधावी लागत नाही. चेहऱ्याने उघडणाऱ्या फोनबद्दल एक सांगतो: आयफोनमध्ये 'डोळे फोनकडे हवेत' ही अट बंद करता येते. अनेक अंध लोकांना हे कुणी सांगतच नाही आणि ते उगाच पासकोड टंकत बसतात.

पाऊलखुणा
आवाजी, ही पाठीवरच्या खळग्याची गोष्ट आमच्या टीममध्ये सांगणार आहे. मी अ‍ॅपच्या डिझाइनचं काम करते. बटणांना नावं देताना काय पाळावं असं तुम्हाला वाटतं? वेळ झाला तर लिहा.

आवाजी
पाऊलखुणा, नाव द्या एवढंच. "अनलेबल्ड बटण" ऐकून ऐकून कान किटलेत. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

टिंबटिंब
घाईत लिहितेय. माझ्या सासूबाईंच्या औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप नव्या फोनवर गप्प बसायला लागलं. फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप मागच्या मागे बंद करतो म्हणे. रक्तदाबाची गोळी दोनदा राहिली. मला यापुढे बॅटरी कमी टिकणारा चालेल, पण सांगितलेल्या वेळी वाजणारा फोन पाहिजे. कुणाला काही उपाय माहीत आहे का? आज बदलता येणार नाही फोन.

जुनाखेळाडू
@टिंबटिंब सेटिंग्ज, मग अ‍ॅप्स, ते अ‍ॅप उघडा, बॅटरी, तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. 'ऑटोस्टार्ट' असं काही असेल तर तेही चालू करा. आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत ते अ‍ॅप दाबून धरून कुलूप लावता येतं का पाहा. शिवाय फोनच्या स्वतःच्या घड्याळात गजर लावून ठेवा, तो सहसा मारला जात नाही.

टिंबटिंब
खूप खूप आभार. कुलूप सापडलं!!

रानपाखरू
माझ्यासाठी वायरवाला हेडफोन. मी गाणं शिकवते, ऑनलाइन. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो. गप्पा मारताना कळत नाही, पण तालात लगेच कळतं. तानपुरा कानात आणि माझा सूर बाहेर, दोघांत फट पडते. आयफोन ७ ने २०१६ मध्ये ती ३.५ मिमीची जागा काढली आणि मग एकेक करून बहुतेक सगळ्यांनीच काढली. सोनीच्या एक्सपीरिया १ मालिकेत अजून आहे म्हणून मी तिकडे गेले. बाकीचे फोन कॅमेऱ्यात पुढे असतील, मला समेवर यायचं असतं.

ओलीचिंब
रानपाखरू, टाइप-सी मधून वायरचा हेडफोन लावायचा अ‍ॅडाप्टर मिळतो की. त्यातही उशीर होत नाही फारसा.

रानपाखरू
हो, आहे माझ्याकडे. पण मग वर्ग चालू असताना चार्जिंग कुठून करू? दोन तास व्हिडिओ चालू असतो गं.

सारीपाट
मुलगा धावतो. सारखा धावतो. १०८ मेगापिक्सेलवाला फोन होता, फोटोत पोरगं म्हणजे रंगीत धूर. मग वाचलं तेव्हा कळलं की तो फोन एरवी नऊ पिक्सेल मिळून एक करतो आणि १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. आणि हलणारं मूल टिपायला लागतो शटरचा वेग. बटण दाबल्यावर फोटो किती लवकर निघतो, हे तक्त्यात कुठेच नसतं. आम्ही शेवटी असं केलं: मित्रांचे वेगवेगळे फोन घेतले, संध्याकाळी घरातल्या दिव्यात पोराला उड्या मारायला लावल्या आणि प्रत्येकावर काढून बघितलं. ज्यात डोळे स्पष्ट आले तो घेतला, १२ मेगापिक्सेलवालाच. पोराला हा खेळ इतका आवडला की अजून विचारतो, "परत फोन घ्यायचा का?"

नुसतंवाचणारी
सारीपाट, धूर 😂 आमच्याकडे मांजर आहे, सेम.

दूरगाव
इथे लिहू की नको करत होतो.

आई गेली. तिचे आवाजी मेसेज माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. "जेवलास का", "पोचलास की कळव" असलेच. फोन अँड्रॉइड, शेवटच्या घटका मोजत होता. ऑफिस आयफोन देत होतं, सगळे म्हणत होते घे. मी घेतला नाही. तेव्हा गप्पा एकीकडून दुसरीकडे न्यायची सरळ वाटच नव्हती. जुनाच फोन पडदा बदलून, बॅटरी बदलून चालवला. ती सोय २०२२ मध्ये आली, 'मूव्ह टू आयओएस' या अँड्रॉइडवरून आयफोनवर सगळं नेणाऱ्या सोयीतून. तेव्हा बदलला. बहीण शेजारी बसली होती. सगळं आल्यावर आम्ही सगळ्यात जुना मेसेज लावून बघितला. आला होता.

सायंतारा
दूरगाव, लिहिलंत ते फार बरं केलंत.

भिंगरी
🙏 काय बोलू.

पाऊलखुणा
दूरगाव, एक काळजीपोटी सांगते. ते मेसेज फक्त व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ठेवू नका. त्या चॅटमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट', 'मीडियासह' करून फाइल संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. चॅट खूप मोठी असेल तर सगळा मीडिया एका फटक्यात येत नाही, तेव्हा महत्त्वाचे आवाज एकेक करून शेअर करून जतन करा. बहिणीकडेही एक प्रत असू द्या.

दूरगाव
आज रात्रीच करतो. धन्यवाद.

जुनाखेळाडू
माझं सगळ्यात साधं कारण: किती वर्षं अपडेट मिळणार. बँकेची अ‍ॅपं जुन्या आवृत्तीवर चालेनाशी होतात, त्यामुळे धडधाकट फोन टाकून द्यावा लागतो आणि ते मला पटत नाही. गूगलने आपल्या पिक्सेल ८ या फोनपासून, २०२३ मध्ये, सात वर्षांचं आश्वासन दिलं. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला तेच दिलं. भाचीला सांगा, नव्या फोनच्या तक्त्यात ही ओळ आधी शोध. आणि वापरलेला फोन घेणार असेल तर वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजायची, आपण घेतल्यापासून नाही.

ओलीचिंब
जुन्या फोनवरून आठवलं, माझा जुना फोन मी उशाशी घड्याळ म्हणून ठेवलाय, कायम चार्जरला. मागचं झाकण जरा वर आल्यासारखं वाटतंय. घाबरण्यासारखं आहे का?

जुनाखेळाडू
@ओलीचिंब हो! बॅटरी फुगलीय. आत्ता चार्जर काढा. दाबू नका, टोचू नका, झाकण परत बसवायला जाऊ नका. अंथरुणापासून लांब, जिथे पटकन पेटेल असं काही नाही अशा ठिकाणी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. कायम शंभर टक्क्यांवर आणि गरम राहिली की लिथियम बॅटरी लवकर खराब होते.

ओलीचिंब
बापरे. काढला. बाल्कनीत फरशीवर ठेवलाय.

नुसतंवाचणारी
काडेपेटी, ती उघडझाप घरच्या घरी तपासता येते का? मलाही रात्री डोकं दुखतं.

काडेपेटी
येते. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात 'प्रो' मोड लाव, शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेव. तुझ्या फोनवर पांढरं पान उघड, उजेड पार खाली आण, खोलीत अंधार कर आणि त्या कॅमेऱ्यातून बघ. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर उघडझाप संथ आहे. बारीक पट्टे असतील तर वेगवान. काहीच नसेल तर कारण दुसरं असेल, मग डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव. कुठला फोन आहे ते पण लिही, मी बघून सांगते.