खेळण्यातल्या कीबोर्डचे सर्किट बेंडिंग: सुरुवात कुठून करावी?

नौपाडकर (ठाणे)

नमस्कार. भाचीने वापरणे सोडलेला, चार पेन्सिल सेलवर चालणारा एक लहान कीबोर्ड माझ्याकडे आला आहे. त्याचे सर्किट बेंडिंग करून, म्हणजे आतल्या सर्किटची जोडणी मुद्दाम बदलून, त्यातून मूळ आवाजांपेक्षा निराळे, तरीही पुन्हा हुकमी वाजवता येतील असे आवाज काढण्याची माझी इच्छा आहे. मागचे स्क्रू काढून पाहिले असता आत एक तपकिरी पीसीबी (सर्किटची पाटी), त्यावर चिप झाकणारा, डांबराच्या थेंबासारखा घट्ट काळा गोळा, त्याभोवती मोजकेच रेझिस्टर व कपॅसिटर, एक ट्रान्झिस्टर आणि पट्ट्यांकडे जाणारी चपटी केबल एवढेच दिसले. चिपवर नाव वा क्रमांक काहीच नसल्यामुळे डेटाशीट (चिपचे माहितीपत्रक) शोधण्याची सोय नाही.

इंटरनेटवरील बहुतेक माहिती ‘स्पीक अँड स्पेल’ हे बोलणारे खेळणे किंवा ‘कॅसिओ एसके-१’ हा कीबोर्ड यांसारख्या जुन्या यंत्रांविषयी आहे. अशा काळ्या गोळ्याच्या स्वस्त पीसीबीवर नेमके काय साधते, आणि काम करताना सेलऐवजी ॲडॅप्टर वापरला तर चालेल का? घरात एक जुना इलेक्ट्रॉनिक तानपुराही आहे. पुढे त्यावरही हे प्रयोग करावेत का, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

ऐरोलीकर

ॲडॅप्टरचे उत्तर आधी देतो, कारण त्यात तडजोड नाही: उघड्या पीसीबीला हात लावायचा असेल तर यंत्र फक्त सेलवरच चालवावे. स्वस्त ॲडॅप्टरच्या आतले इन्सुलेशन कसे आहे हे बाहेरून कळत नाही, आणि ते निकामी असेल तर 230 व्होल्ट थेट तुमच्या बोटापर्यंत येऊ शकतात.

आता सर्किटकडे वळू. काळ्या गोळ्याखालच्या चिपला चालण्यासाठी एक क्लॉक, म्हणजे तिची गती ठरवणारे नियमित ठोके, लागतो, आणि अशा खेळण्यांत त्याचा वेग बहुधा गोळ्याच्या अगदी जवळच्या एकाच रेझिस्टरने ठरवलेला असतो. तो ओळखण्यासाठी डेमो गाणे चालू ठेवा, बोट किंचित ओले करा आणि एकेका रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी स्पर्श करा. ज्या रेझिस्टरला बोट लावताच गाण्याचा सूर आणि लय दोन्ही वर चढतील, तो क्लॉकचा रेझिस्टर होय. त्वचेचा रोध त्याला समांतर जोडला गेल्याने एकूण रोध कमी होतो व क्लॉक वेगाने धावू लागतो.

सूर खाली आणायचा असल्यास त्या रेझिस्टरचा एक पाय सोडवावा आणि त्याच्यासोबत एकसरीत 1 मेगओमचा पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) जोडावा. मूळ रेझिस्टर जागेवरच ठेवावा, म्हणजे पॉट शून्यावर आला तरी क्लॉक मूळ वेगाच्या पलीकडे जाणार नाही. एकूण रोध दुप्पट झाला की वेग साधारण निम्मा होतो, म्हणजे सगळे वाद्य एक सप्तक खाली, मंद्रात उतरते. आणखी खाली गेल्यावर ध्वनीच्या नमुन्यांमधल्या पायऱ्या वेगवेगळ्या ऐकू येऊ लागतात आणि साधा पियानोचा आवाज खरखरत्या, धातूसारख्या नादात बदलतो. माझ्या मते या यंत्रातील सर्वांत मोलाचा आवाज हाच आहे, आणि पॉटच्या जागा पेन्सिलीने खूण करून ठेवल्या तर तो पुन्हा हुकमी मिळतो.

मात्र गोळ्याजवळ दोन किंवा तीन पायांचा रेझोनेटर (क्लॉकचा वेग पक्का बांधून ठेवणारा भाग) दिसला, तर ही युक्ती लागू पडत नाही. तेव्हा रेझोनेटर काढून बाहेरून क्लॉक द्यावा लागतो, आणि त्यासाठी एलटीसी1799 ही चिप वापरण्याचा प्रघात आहे. ती 1 किलोहर्ट्‌झपासून 33 मेगाहर्ट्‌झपर्यंतचा क्लॉक एका रेझिस्टरच्या आधारे देते. परंतु तिला 5.5 व्होल्टच्या वर वीज चालत नाही, म्हणून चार नव्या सेलचे 6 व्होल्ट तिला थेट देऊ नयेत.

कोपरीकर

वरील उत्तर अचूक आहे, तरी त्यात या कलेचा अर्धाच भाग आला आहे असे मला वाटते. अमेरिकेतील रीड घझाला यांच्या टेबलाच्या खणात 1960च्या दशकात एक उघडा खेळण्यातला ॲम्प्लिफायर धातूला टेकून शॉर्ट झाला आणि चमत्कारिक आवाज काढू लागला; तेथून त्यांनी ही पद्धत घडवली आणि 1992 मध्ये तिला ‘सर्किट बेंडिंग’ हे नाव दिले. सर्किटचे ज्ञान नसलेल्या माणसालाही केवळ कान आणि तारेचा एक तुकडा यांच्या बळावर नवे वाद्य घडवता यावे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून क्लॉक सापडल्यावर थांबू नका.

तरीही अपेक्षा वास्तवाला धरून असावी. 1978च्या ‘स्पीक अँड स्पेल’मध्ये आवाजाची माहिती साठवणारी मेमरी चिप वेगळी असते आणि तिचे पाय उघडे असतात, दोन पाय जोडले की चुकीची माहिती वाचली जाते आणि यंत्र तुटक, अनोळखी शब्द बोलू लागते. तुमच्या कीबोर्डमध्ये या सगळ्या वाटा काळ्या गोळ्याखाली बंद आहेत. पट्ट्यांकडे जाणारी चपटी केबल मात्र उघडी आहे. पट्ट्या आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत जोडलेल्या असतात आणि निर्माते एकच चिप अनेक मॉडेलांत वापरतात. त्यामुळे ज्या जोड्यांना तुमच्या कीबोर्डवर बटणच नाही, त्या तारेने जुळवल्यास कधी कधी दडलेले ताल किंवा वाद्यांचे आवाज सापडतात.

शोधताना तारेत 1 किलोओमचा रेझिस्टर घालावा आणि सेलच्या टोकांना तार टेकवू नये. यंत्र गोठले तर सेल काढून पुन्हा घालणे पुरेसे असते. सापडलेली प्रत्येक जोडी त्याच क्षणी कागदावर लिहून ठेवावी.

नेरुळकर

तानपुऱ्याला हात लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुने तानपुरे बहुधा घरच्या विजेवर चालतात आणि त्यांच्या आत 230 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो, हे एक कारण. दुसरे असे की चालू स्थितीतला जुना तानपुरा रियाज करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या रोजच्या उपयोगाचा असतो. तसा अखंड नाद हवा असेल, तर देवळाबाहेरच्या दुकानांत मिळणारी सेलवरची मंत्रपेटी घ्या. चीनमधील एफएम3 या संगीतकार जोडीने 2005 मध्ये काढलेली ‘बुद्ध मशीन’ ही ध्वनिपेटी बौद्ध मंदिरांतील अशाच पेटीवरून सुचलेली होती.

स्पर्शाने वाजणाऱ्या खुणा अवश्य करून पाहा. क्लॉकच्या रेझिस्टरच्या दोन टोकांपासून दोन तारा काढून कीबोर्डच्या कवचावर बसवलेल्या पितळी स्क्रूंना जोडल्या की दोन बोटांच्या दाबाने सूर मींडेसारखा सरकवता येतो. 6 व्होल्ट आणि त्वचेचा सुमारे 100 किलोओम रोध धरला तर शरीरातून जेमतेम 60 मायक्रोॲम्पिअर वीज जाते. आपल्याकडे जुलैच्या दमटपणात बोटे सतत ओलसर असल्याने सूर अधिक चढतो. म्हणून स्क्रूकडे जाणाऱ्या तारेत एक लहान पॉट घालून ऋतूप्रमाणे तो जुळवता येईल अशी सोय ठेवावी.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एकाच फेरीत मिळतात; ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे.

नौपाडकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. ओल्या बोटाची चाचणी केली. गोळ्याच्या उजवीकडील 220 किलोओमच्या रेझिस्टरवर सूर स्पष्टपणे चढतो आणि रेझोनेटर कुठेही नाही. तानपुरा जसा आहे तसाच राहील. आता स्पीकरच्या तारांवरून मिक्सरसाठी जॅक काढायचा आहे. त्यात काय जपावे?

ऐरोलीकर

प्रथम मल्टिमीटरने स्पीकरच्या दोन तारांपैकी एखादी सेलच्या ऋण टोकाशी जोडलेली आहे का ते तपासा. दोन्हींपैकी एकही जोडलेली नसेल, तर ॲम्प्लिफायर दोन्ही तारांवर संकेत देत असण्याची शक्यता आहे आणि त्यातील एक तार जॅकच्या ग्राउंडला जोडल्यास तो जळू शकतो. तसे आढळल्यास 1:1 ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. अन्यथा 10 किलोओम व 1 किलोओमच्या दोन रेझिस्टरांत संकेताची विभागणी करून त्याची पातळी उतरवावी आणि 1 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून तो जॅककडे न्यावा.