मदत हवी आहे: 'पुर'चा 'पूर' केला आणि स्मरणिका बुडाली (लिब्रेऑफिस रायटर)

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका माझ्या गळ्यात पडली आहे. बेळगाव, शहापूर. १४० पानं, त्यातली निम्मी देणगीदारांची. मजकूर दहा जणांनी टाइप केलेला, त्यामुळे एका पानावर 'खानापूर', दुसऱ्यावर 'खानापुर'. काल रात्री कंट्रोल-एच दाबलं, वर 'पुर', खाली 'पूर', आणि रिप्लेस ऑल. सेव्ह करून झोपले.

सकाळी बघते तर विद्यार्थ्यांना 'पूरस्कार' मिळालेत, महाप्रसादात 'पूरणपोळी' आहे, आणि मंडळानं २०१९ च्या 'महापूरात' धान्य वाटलंय. 'खानापूरात', 'कोल्हापूरी' तर ढिगानं. फाइल बंद केल्यामुळे अनडू नाही, जुनी प्रत नाही. हे हातानं काढत बसले तर पुढचा गणपती येईल. 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' म्हणून एक टिकमार्क दिसतो, त्यानं काही होईल काय?

आणखी एक: बऱ्याच जणांनी अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाकलाय. 'दिनांकः १२', 'रक्कमः ५०१'. सगळे विसर्ग उडवले तर 'दुःख' आणि 'स्वतः' पण जाणार. काय करू सांगा की.

जुना जुळारी:
ताई, आधी फाइलची प्रत काढा. काढली? मग पुढे वाचा.

तुमची चूक नेमकी व्याकरणाच्या नियमावर पडली आहे, म्हणून दुरुस्ती सोपी. 'खानापूर', 'खानापूरला', 'खानापूरचा' यांत दुसरा उकार. पण 'र'ला काना किंवा वेलांटी लागली की पहिला: खानापुरात, कोल्हापुरी. म्हणजे ज्या 'पूर'च्या पुढे लगेच स्वरचिन्ह आहे तेवढेच शोधायचे. कंट्रोल-एच, खाली 'अदर ऑप्शन्स' उघडून त्यात 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स'वर (म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी नमुना देऊन शोधणं) टिक. मग

शोधा: पूर(?=[ा-ौ])
बदला: पुर

कंसातल्या ?= चा अर्थ 'पुढे हे आहे का ते बघ, पण त्याला हात लावू नकोस'. काना ते औकार ही चिन्हं युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात ओळीनं बसली आहेत, म्हणून मधे नुसती रेघ पुरते. एकटा काना टंकलात की ठिपक्यांचं वर्तुळ दिसेल, घाबरू नका. 'पूर्ण', 'पूर्व' सुरक्षित राहतात, कारण तिथे 'र'ला हलन्त आहे आणि तो या ओळीत येत नाही.

'पुरस्कार'सारख्यांच्या 'र'पुढे स्वरचिन्ह नाही, ते वेगळे धरायचे:

शोधा: पूर(स्कार|वठा|वणी|णपोळी)
बदला: पुर$1

उभी रेघ म्हणजे 'किंवा', आणि $1 म्हणजे कंसात जे सापडलं ते जसंच्या तसं. डॉलरपुढचा एक इंग्रजी आकड्यातलाच हवा, मराठी १ चालत नाही. आणि आळस करून नुसतं 'पूरव' लिहू नका. 'खानापूरवरून'चं 'खानापुरवरून' होईल.

खडीसाखर:
विसर्गासाठी हे बघा:

शोधा: ः( ?[०-९])
बदला: :$1

म्हणजे विसर्ग, मग असली तर एक जागा, मग मराठी आकडा. आकडे इंग्रजीत असतील तर कंसात 0-9 पण घाला.

अवांतर: ऑफिसात वर्ड असेल तर तिथे हे जसंच्या तसं चालणार नाही. वर्डचे वाइल्डकार्ड्स वेगळे. त्यात 'किंवा'ची उभी रेघ नाही, पुढे डोकावणं नाही, आणि डॉलरच्या जागी उलटी तिरकी रेघ लागते.

जुना जुळारी:
पण इथे रिप्लेस ऑल नको! देणगीच्या यादीत 'यांनी स्वतः ५००१ रुपये दिले' असलं काहीतरी असणारच. फाइंड नेक्स्ट करत एकेक बघा.

धागाकर्ती:
होते! 'स्वतः' आणि पुढे आकडा असे तीन सापडले. त्यातलं एक अध्यक्षांचं.

बाकी सगळं बसलं. 'महापूरुष' झालेले पण आपोआप जागेवर आले, ते मी सांगायचंच विसरले होते. फक्त जाहिरातींच्या आठ पानांत काहीच सापडत नाही. डोळ्यांना 'कोल्हापूरी' दिसतंय आणि हा म्हणतो नाही.

खडीसाखर:
त्या पानांचा फॉन्ट बदलून बघा. इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर तो मजकूर युनिकोड नाही, जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टातला आहे. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग शोधा.

धागाकर्ती:
कालाच आहे. आठच पानं, हातानं टाइप करते. आणि येळ्ळूर? तिथलेही 'येळ्ळुर' आहेत.

जुना जुळारी:
तोच नियम, फक्त उलटा. '=' च्या जागी उद्गारचिन्ह, म्हणजे 'पुढे स्वरचिन्ह नसेल तरच':

शोधा: येळ्ळुर(?![ा-ौ])
बदला: येळ्ळूर

'येळ्ळुरात'ला धक्का लागत नाही. या वेळी सेव्ह करताना नाव बदला, ताई.