तेव्हा नक्की काय होत होतं, कळलं होतं का तुम्हाला?

शाळकरी वयात कुणीतरी आवडायला लागलं आणि आपल्याला हे काय होतंय तेच कळेना, असं कुणाकुणाचं झालंय? सांगली-साताऱ्याकडच्यांनी तरी लिहाच. सुरुवात मीच करते.

2005 चा पूर. मी नववीत. आम्ही सांगलीत विश्रामबागेत, तिथं पाणी नव्हतं. गावभागातलं बाबांच्या मित्राचं बिऱ्हाड आमच्याकडं आलं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. वर्षभर त्याला इस्त्रीच्या शर्टात, बाकावरून तिरकं बघितलेलं. आता तो माझ्या दादाची ढगळ बर्म्युडा घालून आमच्या मोरीत दात घासत होता! दोन दिवस मी घरातसुद्धा पावडर लावून. तिसऱ्या दिवशी पाळी आली. आमच्यात तेव्हा बाहेर बसायची पद्धत, पण घर माणसांनी भरलेलं. म्हणून आजीनं हॉलच्या कोपऱ्यातच गोधडी टाकून दिली, ताट-तांब्या वेगळा. सगळे आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट झालं ते ऐकत बसलेले, आणि हा विचारतो, "काकू, हिला काय झालंय?"

आई म्हणाली, "कावळा शिवलाय."

त्यानं खरंच खिडकीबाहेर बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा राग, आजीचा राग, स्वतःच्या अंगाचा तर सगळ्यात जास्त. एवढं असून रात्री, तो भिंतीपलीकडं झोपलाय म्हणून पोटात गोळा. आधीच दुखणाऱ्या त्याच पोटात. कुणाला विचारणार?

*

साताऱ्याहून. ती पहाटे वडिलांबरोबर अजिंक्यताऱ्यावर यायची, म्हणून मीपण. घरी सांगितलं, भरतीची तयारी करतोय. दोन वर्षांत एक शब्द बोललो नाही. एकदा तिच्या वडिलांनीच विचारलं, "काय पैलवान, कितवीला?" माझा आवाज फुटायचे दिवस. 'दहावी'तला 'द' रेड्यागत, 'वी' मांजरागत. ती हसली. पुढं आठवडाभर मी दुसऱ्या वाटेनं चढलो. भरती मात्र खरंच झालो, 1600 मीटर पहिल्या फटक्यात.

*

मिरज. अक्षर चांगलं म्हणून दोस्ताची प्रेमपत्रं मी लिहायचो, एका पत्राला भडंगाची एक पुडी. मजकूर सगळा माझ्या मनातला. ती 'हो' म्हणाली तेव्हा तो नाचला आणि मी ताप आल्यासारखा पडून राहिलो. वाटलं, आपल्यालाही तीच आवडत असणार. दुसरं काही असतं, हेच ठाऊक नव्हतं. 2018 ला कलम 377 चा निकाल आला, समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणून, तेव्हा मी पस्तिशीत होतो. टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. एवढंच लिहितो.

*

ताई, त्या पोराचं पुढं काय झालं ते सांगा की! चहा गार झाला हितं कऱ्हाडात.

*

सांगते. पाणी उतरलं, त्यांच्या घरात गुडघाभर चिखल. काढायला आम्हीपण गेलो. खराट्यानं चिखल लोटता लोटता तो हळूच म्हणाला, "आईला विचारलं मी. कावळ्याचं." कान लालबुंद. मग तासभर दोघं न बोलता एकच भिंत घासत होतो.