शब्दचर्चा: ‘राज्याने’ म्हणजे नक्की कोणी?

रानवारा
अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या २०१० च्या स्थलांतरविरोधी कायद्यावर एक टिपण लिहितोय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. ‘बेकायदा स्थलांतराविरुद्धच्या कायद्याची अंमलबजावणी राज्याने करावी का?’ असं लिहिलं, तर वाचणारा म्हणतो, राज्याने नाही तर काय शेजाऱ्याने करायची? दुसरं, ‘इल्लीगल इमिग्रंट’ला घुसखोर म्हणावं, बेकायदा स्थलांतरित की आणखी काही?

तळटीप
पहिल्याचं उत्तर सोपं. राज्यशास्त्रातलं ‘राज्य’ म्हणजे सगळी शासनसत्ता, आणि रोजच्या बोलण्यातलं ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, ॲरिझोना. तुमच्या वाक्यात ‘घटकराज्य’ लिहा आणि समोर ‘केंद्र’ ठेवा. अमेरिकेत ‘फेडरल’ म्हणतात, पण मराठी वाचकाला ‘केंद्र’ झटकन कळतं.

मात्र हा नुसता शब्दाचा घोळ नाही, खटलाच त्यावर झाला. एप्रिल २०१० मध्ये गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी ‘एसबी १०७०’वर, म्हणजे तुमच्या याच कायद्यावर, सही केली. लगेच ओबामा सरकार कोर्टात गेलं. परदेशी माणसाने देशात राहावं की नाही हा केंद्राचा विषय, त्यात घटकराज्याने हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं. ॲरिझोनाचं म्हणणं, केंद्र स्वतःचाच कायदा राबवत नाही आणि सीमा आमच्या दारात आहे, मग आम्ही हातावर हात ठेवून बसायचं का? (हा युक्तिवाद मला अगदीच टाकाऊ वाटत नाही, निकाल काहीही असो.)

२५ जून २०१२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आव्हान दिलेल्या चार कलमांपैकी तीन उडवली: नोंदणीची कागदपत्रं जवळ नसणं हा घटकराज्याचा गुन्हा ठरवणारं, परवान्याशिवाय काम मागणं किंवा करणं हा गुन्हा ठरवणारं, आणि देशाबाहेर काढता येईल असा माणूस वाटला तर वॉरंटशिवाय अटक करू देणारं. उरलं एक. पोलिसांनी दुसऱ्या कारणासाठी कुणाला अडवलं आणि वाजवी संशय आला, तर त्याचा देशातला दर्जा तपासायचा. विरोधक ज्याला ‘कागद दाखवा’ कलम म्हणत होते तेच तूर्तास टिकलं. पुढे ते कसं राबवलं जातं त्यावरून पुन्हा आव्हान देता येईल, ही वाट कोर्टाने मोकळी ठेवली.

शेवगा
दुसऱ्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: ‘घुसखोर’ नको. घुसखोर म्हटलं की कुंपणाखालून आलेला माणूस दिसतो. अमेरिकेत विनापरवाना राहणाऱ्यांपैकी बरेच जण रीतसर व्हिसावर विमानाने आले आणि मुदत संपल्यावर राहून गेले. ते कुठे घुसले? त्याच निकालात न्यायमूर्ती केनेडींनी लिहिलंय की, देशाबाहेर काढण्याजोग्या परदेशी माणसाने देशात नुसतं असणं हा सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा नाही. चोरून सीमा ओलांडणं हा गुन्हा आहे, ती गोष्ट वेगळी.

‘स्थलांतरित’ही ढिसाळच. बीडहून सांगलीला ऊसतोडीला जाणारे मजूर आपल्याकडे स्थलांतरित. मी ‘विनापरवाना राहणारे परदेशी’ लिहीन. लांब आहे, पण खोटं नाही.

तळटीप
मथळ्यात बसणार नाही हो ते! असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये आपल्या शैलीपुस्तकातून ‘इल्लीगल इमिग्रंट’ काढलं. बेकायदा कृती असते, माणूस नव्हे, हा त्यांचा मुद्दा. तो पटतो. मग ‘बेकायदा वास्तव्य’ घ्या. बेकायदा काय आहे तेही त्यातून कळतं आणि माणसावर शिक्काही बसत नाही.

डॅलसकर
इथे राहणाऱ्याचे दोन पैसे. ‘कागद दाखवा’ ऐकून आपले लोक म्हणतात, आपल्याला काय त्याचं, आपण एच-वन वाले, म्हणजे नोकरीच्या रीतसर व्हिसावरचे. पण अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने, अगदी ग्रीन कार्डवाल्यानेही, नोंदणीचा पुरावा जवळ ठेवायचा हा केंद्राचा नियम जुनाच आहे. ॲरिझोनाने त्यावर स्वतःची शिक्षा चढवली होती, तेवढीच गेली.

आता माझा शब्द: ‘सँक्च्युअरी सिटी’, म्हणजे बेकायदा वास्तव्य करणाऱ्यांना पकडायला केंद्राला मदत न करणारं शहर. एका भाषांतरात चक्क ‘अभयारण्य शहर’ वाचलंय! वाघ मोकळे सोडलेत की काय असं वाटलं.

शेवगा
‘आश्रयनगर’ चालेल?

तळटीप
चालेल, पण फसवं आहे. ही शहरं कुणाला लपवत नाहीत आणि केंद्राचे अधिकारी तिथे येऊन अटक करूच शकतात. शहर फक्त आपले पोलीस आणि आपला तुरुंग त्यांच्या दिमतीला देत नाही. केंद्राने घटकराज्याच्या अंमलदारांना कामाला जुंपू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयातल्या १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात आलं, आणि तो खटला होता बंदूक खरेदीदारांच्या तपासणीचा. तेव्हा त्याचा फायदा बंदूकवाल्यांना झाला, आज त्याच तत्त्वाचा आधार ही शहरं घेतात. म्हणून मी ‘असहकारी शहर’ म्हणेन. असहकार शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही.

डॅलसकर
झकास. टेक्ससने २०१७ मध्ये हा असहकारच बेकायदा ठरवला, आणि २०२३ च्या कायद्यात तर राज्याच्याच न्यायाधीशाला माणसाला मेक्सिकोकडे परत जायचा हुकूम देण्याचा अधिकार दिला. तोही लगेच कोर्टात गेला. याला हद्दपारी म्हणू ना?

रानवारा
तिथे जपून. आपल्याकडे ‘हद्दपार’ म्हटलं की तडीपारीच डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जिल्ह्याबाहेर काढलेला माणूस शेजारच्या जिल्ह्यात राहतो आणि दोन वर्षांच्या आत परत येतो. देशाबाहेर काढणं वेगळं, म्हणून ‘देशाबाहेर रवानगी’ लिहितो. ‘घटकराज्य’ आणि ‘असहकारी शहर’ घेतले. आता ‘डिटेनर’ला काय म्हणू? सुटका व्हायच्या वेळी ‘याला आणखी ४८ तास ठेवा, आम्ही न्यायला येतो’ असं केंद्राचे अधिकारी तुरुंगाला कळवतात, तो कागद.

शेवगा
‘ताबा-विनंती’. आदेश मात्र लिहू नका. तुरुंगाने ती मानलीच पाहिजे का, यावरच तर अर्धी भांडणं आहेत.