१२ तास बसूनही MPSC ची पूर्व परीक्षा निघत नाहीये, चुकतंय कुठे?

प्रश्न: पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी ७ ला बसतो ते रात्रीच्या मेसपर्यंत, तिसरा अटेम्प्ट होता, राज्यसेवा पूर्व परत ६ मार्कांनी गेली. पॉलिटी (राज्यघटना) चार वेळा वाचून झालं, हायलायटर संपले राव. मेहनत कमी नाहीये मग रिझल्ट का नाही?

उत्तर १: भावा तास मोजू नको, पेपर किती सोडवलेस ते सांग. मी पण नुसत्या वह्या रंगवायचो, मग जुने पेपर घड्याळ लावून २ तासात सोडवायला लागलो आणि प्रत्येक चुकीसमोर कारण लिहायचो, येतच नव्हतं की घाई की तुक्का. निम्म्या चुका 'अयोग्य विधान ओळखा' नीट न वाचल्याच्या, डोक्याला हात लावला.

उत्तर २: तुक्क्याचा हिशोब पण बघ, ४ चुकले की एका बरोबरचे मार्क गेले. दोन ऑप्शन उडाले तरच मार.

प्रश्नकर्ता: खरं सांगू, दोनच सोडवलेत. सिलॅबस संपू दे म्हणत राहिलो.

उत्तर १: झालं मग 😄 उद्या २०२३ चा घे, आणि मोबाईल रूमवर ठेवून ये.